पोटात नव्हतं

सोनपेठच्या सबस्टेशनला दुपारची पाळी माझी.
फोन आला, मास्तरीणबाईंचा.
लेकराला दम लागलाय दादा,
वाफेचं मशीन लावायचंय, लाईट कधी येईल?
मागून ते लेकरू ऐकू येत होतं,
ओल्या लाकडात करवत अडकावी
तसा श्वास.

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.
मुंजाजीला खांबावर चढून पाऊण तास झालेला,
काम वीस मिनिटांचं.
उतरला असेल.
उतरून टपरीवर चहा पितो, मग कळवतो, त्याची रीतच ती.
चहा पीत असेल.
त्याला विचारायचं तर फोन ठेवायला पाहिजे होता,
आणि फोनवर ते लेकरू होतं.

दोन 'असेल'वर
मी गावठाण फीडर चार्ज केला.

नट गंजला होता, पान्याला दाद देत नव्हता,
हे नंतर कळलं.

लेकरू वाचलं.
हे मी कुणाला सांगत नाही.
सांगितलं की लोक माझ्याकडं मायेनं बघायला लागतात.

परभणीहून साहेब आले. मयताशी काही वैर?
वैर?
साहेब, त्याच्या डब्यातली कारळाची चटणी
माझ्या डब्यातली भाकर बघून यायची.
साहेबांनी लिहिलं: हेतू आढळून आला नाही.
त्या कागदाची झेरॉक्स मी वर्षभर खिशात बाळगली,
घडीवर फाटेपर्यंत.
एका रात्री मनात आलं,
तारेची चौकशी केली असती
तर तिच्यातही आढळला नसता.

गाव म्हणालं, बिचाऱ्याच्या पोटात पाप नव्हतं.
खरंय.
पोटात मी हात घालून घालून बघितलंय,
रात्री दोनला, तीनला. तिथं नाही.

टेबलाच्या डाव्या खणात होतं.
परमिट बुक.
कोण चढलं, किती वाजता, कोण उतरलं, सही.
त्याच्यावर शेंगदाण्याची पुडी, मोडका टेस्टर,
कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका.
शेवटची नोंद चार वर्षांमागची.
आपल्यात कसली सही रे, मुंजाजीच म्हणाला होता,
आणि मी हसून खण लोटला.
त्या दिवशी कुणी मेलं नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
चार वर्षं रोज खण बंद
आणि रोज सगळे जिवंत घरी,
त्यालाच आम्ही भरवसा म्हणायचो.

त्याला मारायचंच असतं एखाद्याला
तर आधी त्यानं खिडकीतून वाकून बघितलं असतं,
मुंजाजी वर आहे का.
दुष्टानं एवढं तरी बघितलं असतं.
मी बघितलं नाही.
खिडकी माझ्या खुर्चीपासून चार पावलं.

आता अयोध्या आली आहे, त्याची थोरली.
बापाच्या जागेवर लागली;
सरकारी कागदात त्याला अनुकंपा म्हणतात.
बापाचीच पक्कड, मुठीला त्यानं गुंडाळलेली काळी टेप.
पहिल्याच दिवशी तिनं डावा खण ओढला,
पुडी बाहेर, पत्रिका बाहेर,
पुस्तक झटकलं,
शेवटच्या नोंदीखाली फूटपट्टीनं रेघ मारली.

मी म्हणालो, बाई,
मी काही मुद्दाम...
माहिताय काका, ती म्हणाली. वेळ टाका.

चार वाजून दहा.
खाली तिची सही, पूर्ण नावानं,
मधलं नाव मुंजाजी,
ते लिहिताना तिचा पेन थांबला नाही,
माझी नजर थांबली.

ती चढते. मी खुर्ची खिडकीशी ओढून बसतो.
फोन वाजतो.
कुणाची गिरणी अडली आहे, कुणाची परीक्षा,
कुणाच्या घरात कुणीतरी
धापा टाकत असेल.

नाही सांगता येत, मी म्हणतो,
माणूस वर आहे.
पलीकडून शिवी येते.
फोन खाली ठेवतो, परत वाजतो,
चार चाळीस,
ती अजून वरच,
उन्हात तिची टोपी तेवढी दिसते,
पिवळी.